जहाल आणि मवाळ : रिपब्लिकन पक्षाची १९७६ ची उमेदवारी

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षश्रेष्ठींच्या बैठकीत ठरत नाही. एबी फॉर्मसाठी शेवटच्या रात्रीपर्यंत नेत्यांच्या दारात ताटकळणारे इच्छुक पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण तिथे पक्षाचे तिकीट मिळवायलाही आधी मतदारांपुढेच जावे लागते. निवडणुकीच्या वर्षात हिवाळा सरता सरता एकेका राज्यात प्रायमरी, म्हणजे उमेदवारीसाठीचे मतदान, सुरू होते आणि जूनपर्यंत चालते. काही राज्यांत त्याऐवजी कार्यकर्त्यांच्या सभा आणि राज्य अधिवेशने भरतात. यांतून निवडलेले प्रतिनिधी पुढे राष्ट्रीय अधिवेशनाला जमतात आणि नावावर शिक्कामोर्तब करतात. बहुतेक वेळा निकाल तोवर लागून गेलेला असतो. १९७६ साली रिपब्लिकन पक्षात तो लागलेला नव्हता. २,२५९ प्रतिनिधींपैकी १,१३० जणांचा पाठिंबा हवा होता आणि जूनमध्ये शेवटची प्रायमरी संपली तेव्हा तो कुणाच्याच खिशात नव्हता.

एका बाजूला खुद्द राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड होते. त्यांना त्या पदावर जनतेने निवडून दिलेले नव्हते. स्पिरो ॲग्न्यू यांनी राजीनामा दिल्यावर डिसेंबर १९७३ मध्ये ते नेमणुकीने उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी वॉटरगेट प्रकरणामुळे रिचर्ड निक्सन पायउतार झाल्यावर राष्ट्राध्यक्ष. महिन्याभरात त्यांनी न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांचे नाव उपराष्ट्राध्यक्षपदासाठी पुढे केले आणि निक्सन यांना माफीही देऊन टाकली. माफीने देश चिडला, रॉकफेलर यांच्या नावाने पक्षातला उजवा गट. दुसऱ्या बाजूला होते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नरपद आठ वर्षे सांभाळलेले रोनाल्ड रेगन. २० नोव्हेंबर १९७५ रोजी त्यांनी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उमेदवारी जाहीर केली.

या दोन गोटांत त्या वर्षी जे युक्तिवाद चालले ते दोन आवाजांत मांडता येतात. फोर्ड यांच्या बाजूने बोलणाऱ्याला मवाळ म्हणू, रेगन यांच्या बाजूने बोलणाऱ्याला जहाल. दोघेही रिपब्लिकन, दोघेही डेमोक्रॅट पक्षाच्या सरकारी खर्चावर नाराज, दोघेही साम्यवादाचे विरोधक. एवढे साम्य असताना दोघांचे जमत का नव्हते, हाच प्रश्न आहे.

जहाल : हे भांडण दोन माणसांचे नाही. १९५२ मध्ये ओहायोचे रॉबर्ट टाफ्ट आमचे नेते होते, तेव्हा पूर्वेकडच्या धनिकांनी जनरल आयझेनहॉवर यांना आणून उभे केले. १९६४ मध्ये आम्ही बॅरी गोल्डवॉटर यांना उमेदवारी मिळवून दिली, तर रॉकफेलर यांच्यासारखे लोक प्रचारातून अंग काढून बसले. दर वेळी आम्हाला सांगतात, आत्ता गप्प राहा, आधी जिंकू या. जिंकल्यावर सरकार डेमोक्रॅटांच्याच वाटेने जाते, फक्त जरा सावकाश.

मवाळ : आयझेनहॉवर दोनदा निवडून आले, हे तुम्ही गाळलेत. आणि गोल्डवॉटर यांचे काय झाले? ५० पैकी सहा राज्ये मिळाली. त्यांतले एक त्यांचे स्वतःचे ॲरिझोना, बाकी पाच दक्षिणेची. त्यांच्या लाटेत आमचे कितीतरी चांगले लोक घरी बसले. पक्ष चालवायचा म्हणजे निवडून यायचे. विचार कितीही शुद्ध असला तरी विरोधी बाकावरून एक विधेयकही अडवता येत नाही.

१९६४ च्या पराभवातून दोघांनी दोन धडे घेतले होते आणि १९७६ चे बरेचसे भांडण त्यातूनच उगवले. मवाळ गटाला सहा राज्यांचा आकडा दिसत होता. जहाल गटाला त्या सहांतली दक्षिणेची पाच दिसत होती. पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट पक्षाला मत देणारा दक्षिणेतला गोरा मतदार पहिल्यांदाच एवढ्या संख्येने हलला होता. तो का हलला, हे सांगताना जहाल गट सहसा राज्यांच्या अधिकारांविषयी बोले. गोल्डवॉटर यांनी त्याच वर्षी नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिले होते, ही गोष्ट मात्र त्या बोलण्यात मागे राही. वंशाचा प्रश्न १९७६ च्या प्रचारात उघडपणे फारसा कुणी काढला नाही. पण दक्षिणेच्या मतांची बेरीज त्याच्यावाचून जुळत नाही, हे दोन्ही गोटांना ठाऊक होते. नॉर्थ कॅरोलायनात फोर्ड हे एडवर्ड ब्रुक या कृष्णवर्णीय सेनेटरला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी सोबत घेतील असे सुचवणारी पत्रके रेगन-समर्थकांनी छापली, तेव्हा खुद्द रेगन यांना ती थांबवायला सांगावे लागले.

पहिला मुद्दा सरकारच्या आकाराचा होता. सप्टेंबर १९७५ मध्ये शिकागोच्या भाषणात रेगन यांनी केंद्राच्या कल्याणकारी योजना राज्यांकडे सोपवून वर्षाला ९० अब्ज डॉलर वाचवण्याची कल्पना मांडली होती.

जहाल : वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या बाबूला गावातल्या शाळेचे काय कळते? ज्याचा पैसा त्याच्या जवळ राहू द्या. फोर्ड साहेब तूट कमी करण्याच्या गोष्टी करतात आणि अर्थसंकल्प मात्र फुगतच जातो.

मवाळ : फोर्ड यांनी डेमोक्रॅटांच्या काँग्रेसने पाठवलेली विधेयके एकामागून एक परत धाडली आहेत. तुमचे रेगन गव्हर्नर झाले त्या पहिल्याच वर्षी, १९६७ मध्ये, त्यांनी कॅलिफोर्नियात भली मोठी करवाढ केली. गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर त्याच वर्षी सही केली ती त्यांनीच. सत्तेत बसल्यावर प्रत्येकाला हिशेब जुळवावा लागतो. आणि त्या ९० अब्जांचे म्हणाल तर, केंद्राने हात काढल्यावर तो भार राज्यांनी कुठून उचलायचा?

हा शेवटचा प्रश्न न्यू हॅम्पशायरमध्ये रेगन यांना भोवला. या छोट्या राज्यात पगारावर राज्याचा आयकर नाही की सर्वसाधारण विक्रीकर नाही, आणि तिथल्या लोकांना त्याचा मोठा अभिमान आहे. योजना राज्याच्या गळ्यात पडल्या तर कर येणार, असे फोर्ड यांचे लोक गावोगाव सांगत सुटले. २४ फेब्रुवारीच्या मतदानात फोर्ड जेमतेम हजार-दीड हजार मतांनी पुढे राहिले. सरकार लहान हवे, हे मतदाराला मान्य होते. स्वतःच्या घरपट्टीवर त्याचा बोजा नको होता. तत्त्वाची बाजू घेणाऱ्यांनी हा अनुभव पुढे कधी नीट पचवलेला दिसत नाही.

पाठोपाठ मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट, फ्लोरिडा आणि इलिनॉयमध्येही रेगन हरले. पैसा संपत आला होता, प्रचारयंत्रणा कर्जात होती आणि माघार घ्या म्हणून पक्षातूनच निरोप येऊ लागले होते. तेव्हा वादाची दिशा परराष्ट्र धोरणाकडे वळली आणि रंगत खरी तिथून आली.

जहाल : सोव्हिएत युनियनशी गोडीगुलाबीने वागण्याच्या धोरणाला परराष्ट्रमंत्री किसिंजर साहेब मुत्सद्देगिरी म्हणतात. सोव्हिएत युनियनने हाकललेला सोल्झेनित्सिनसारखा लेखक देशात येतो, तर रशिया रुसेल म्हणून राष्ट्राध्यक्ष त्याला भेट नाकारतात. हेलसिंकीला जाऊन करारावर सही करून पूर्व युरोपवरचा सोव्हिएत कब्जा मान्य केल्यासारखे करतात. आता पनामाचा कालवाही देऊन टाकायला निघालेत. अमेरिकेच्या पैशाने उभा राहिलेला कालवा एका लष्करी हुकूमशहाच्या धमकीपुढे सोडायचा?

मवाळ : पनामाच्या वाटाघाटी फोर्ड यांनी सुरू केलेल्या नाहीत. १९६४ मध्ये तिथे दंगली झाल्या, तेव्हापासून जॉन्सन, निक्सन आणि आता फोर्ड अशा तीन राष्ट्राध्यक्षांनी त्या चालवल्या आहेत. आपली मोठी विमानवाहू जहाजे त्या कालव्यातून जातसुद्धा नाहीत. भोवतालची सगळी जनता वैरी झाली तर तो सांभाळायला किती पलटणी ठेवणार आहात? खुद्द गोल्डवॉटर पनामाच्या प्रश्नावर फोर्ड यांच्या बाजूला आहेत. त्यांनाही तुम्ही आता मवाळ म्हणणार?

जहाल : माणूस थोर असला म्हणून त्याचे प्रत्येक मत थोर होत नाही. व्हिएतनाम हातचे जाऊन वर्ष झाले नाही. लोक थकलेत, पण हरायला तयार नाहीत. कालव्यावरून रेगन बोलतात तेव्हा सभागृह उठून उभे राहते, ते काय जहाजांची रुंदी मोजायला?

युक्तिवाद म्हणून मवाळाचे उत्तर भक्कम होते. मतांसाठी त्याचा उपयोग झाला नाही. नॉर्थ कॅरोलायनात सेनेटर जेसी हेल्म्स आणि त्यांचे सहकारी टॉम एलिस यांनी प्रचाराची सूत्रे हाती घेतली. रेगन यांच्या व्यवस्थापकांना छोट्या, चकचकीत जाहिराती हव्या होत्या. एलिस यांनी फ्लोरिडात चित्रित केलेले अर्ध्या तासाचे जुनेच भाषण मागवले आणि राज्यातल्या स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांवर वेळ विकत घेऊन ते दाखवले. सजावट नाही, गाणे नाही. एक माणूस कॅमेऱ्याकडे पाहून किसिंजर, रशिया आणि पनामा यांविषयी बोलतो आहे, एवढेच. २३ मार्चला रेगन यांनी तिथे विद्यमान राष्ट्राध्यक्षाला ५२ विरुद्ध ४६ टक्क्यांनी हरवले. त्याच महिन्यात फोर्ड यांनी रशियाशी सलोख्याच्या धोरणाचे रूढ झालेले ‘देतांत’ हे फ्रेंच नाव आपण यापुढे वापरणार नाही, असे जाहीर केले. धोरण तेच राहिले, नाव गेले. प्रायमरीच्या हंगामात सत्ताधारी किती वाकतो, त्याचा हा नमुना. त्याआधी नोव्हेंबरमध्ये रॉकफेलर यांनीही आपण पुन्हा उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहणार नाही असे कळवले होते. ते स्वखुशीने गेले, असे मानणारे त्या वेळीही थोडेच होते.

टेक्सासमध्ये मतदान १ मे रोजी होते. फोर्ड एप्रिलमध्ये सॅन अँटोनियोला गेले असताना यजमानांनी त्यांना तमाले दिले. मक्याच्या सालपटात गुंडाळून उकडलेला हा पदार्थ सालपट सोलून खायचा असतो. फोर्ड यांनी हळदीच्या पानासकट पातोळी खावी तसा सालपटासकट घास घेतला आणि ते छायाचित्र देशभर छापून आले. पराभव अर्थातच तमालेमुळे झाला नाही. तेलाच्या किमतींवरचे नियंत्रण चालू ठेवणाऱ्या कायद्यावर फोर्ड यांनी डिसेंबरमध्ये सही केली होती आणि टेक्सासच्या तेलवाल्यांनी ती विसरलेली नव्हती. त्याहून मोठे कारण नियमांत होते. टेक्सासमध्ये मतदाराला पक्षाची नोंदणी करावी लागत नाही; तो हव्या त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. डेमोक्रॅट पक्षात अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस जिमी कार्टर यांच्याकडून फ्लोरिडात आणि नॉर्थ कॅरोलायनात हरून मागे पडले होते. त्यांच्या पाठीराख्यांना आपल्या पक्षात आता फारसे काम उरले नव्हते. त्यांतले बरेच जण या दिवशी रिपब्लिकन रांगेत उभे राहिले. मतदानातून निवडायच्या ९६ प्रतिनिधींच्या जागा होत्या. सगळ्याच्या सगळ्या रेगन यांना गेल्या.

मवाळ : आमच्या पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे वॉलेस यांचे लोक ठरवणार? पन्नास वर्षे पक्षाची वर्गणी भरणाऱ्याचे आणि काल दारातून आत आलेल्याचे मत सारखेच?

जहाल : पक्ष वाढवायचा आहे ना तुम्हाला? मग नवे लोक आले की दार का लावता? पूर्वेकडच्या उपनगरातला स्वतंत्र मतदार आला तर तो पक्षाचा विस्तार, आणि दक्षिणेतला गिरणीकामगार आला तर घुसखोरी. हा कुठला न्याय?

मवाळ : उपनगरातला मतदार नोव्हेंबरमध्येही आमच्यासोबत राहतो. तुमचे हे पाहुणे तेव्हा कार्टर यांना मत देतील.

इथे वादाचा गाभा उघडा पडतो. कर, कालवा, रशिया या मुद्द्यांवर दोघांमधले अंतर आरोळ्यांवरून वाटे त्यापेक्षा बरेच कमी होते. अंतर होते ते पक्ष कोणाचा, या प्रश्नावर. ईशान्येच्या आणि सरोवरांकाठच्या राज्यांतल्या उद्योगी, शिकलेल्या, मध्यमवर्गीय मतदारावर तो उभा करायचा, की दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या, चर्चला जाणाऱ्या, सरकारवर चिडलेल्या मतदारावर? मवाळाला पहिला हवा होता, जहालाला दुसरा. बाकीचे सारे मुद्दे या निवडीला लागणारे पुरावे म्हणून आणले जात.

बाहेरच्या मतदारांविषयीचा मवाळाचा आक्षेप फार टिकला नाही, हेही सांगायला हवे. १८ मेला फोर्ड यांच्या स्वतःच्या मिशिगनमध्ये प्रायमरी होती. तिथेही दार उघडे होते. तेव्हा फोर्ड यांच्या प्रचारकांनी डेमोक्रॅट आणि अपक्ष मतदारांना खुलेपणाने बोलावले आणि मोठा विजय मिळवला. टेक्सासमध्ये जी घुसखोरी होती ती मिशिगनमध्ये पाहुणचार झाली. ८ जूनला कॅलिफोर्नियाने आपले सर्व प्रतिनिधी रेगन यांना दिले, ओहायो आणि न्यू जर्सी फोर्ड यांच्याकडे गेले, आणि काटा मध्येच अडकून राहिला.

उरले ते शे-दीडशे कुंपणावरचे प्रतिनिधी. व्हाइट हाउसमधून त्यांना स्वतः राष्ट्राध्यक्षांचे फोन जाऊ लागले, जेवणाची आमंत्रणे निघाली. या वेचावेचीची जबाबदारी पुढे परराष्ट्रमंत्री झालेले जेम्स बेकर यांच्याकडे होती. अशा देवघेवीत सत्तेतला माणूस वरचढ ठरणार, हे उघड होते. रेगन यांचे व्यवस्थापक जॉन सीअर्स यांनी मग एक डाव टाकला. २६ जुलैला रेगन यांनी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी पेनसिल्व्हेनियाचे सेनेटर रिचर्ड श्वाइकर यांचे नाव जाहीर केले. श्वाइकर हे पक्षातल्या सर्वांत उदारमतवादी सेनेटरांपैकी एक, कामगार संघटनांचे लाडके.

मवाळ : काय हो, तत्त्वाचे काय झाले? रॉकफेलर चालत नाहीत आणि श्वाइकर चालतात?

जहाल : पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी फोडायचे होते. शेवटी निवडणूक आहे ही.

मवाळ : हेच वाक्य आम्ही बारा वर्षे बोलतो आहोत.

पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी फुटले नाहीत. उलट मिसिसिपीत रेगन यांच्याकडे झुकलेले, पण अजून शब्द न दिलेले प्रतिनिधी बिथरले आणि त्यांचे नेते क्लार्क रीड फोर्ड यांच्याकडे वळले. १६ ऑगस्टला कॅन्सस सिटीच्या केंपर अरीनात अधिवेशन भरले. सीअर्स यांनी तिथे १६-क हा नियम मांडला: प्रत्येक उमेदवाराने आपला जोडीदार मतदानाआधी जाहीर केलाच पाहिजे. फोर्ड यांनी नाव घेतले की कुणी ना कुणी नाराज होणारच, असा हिशेब. ठराव १,०६९ विरुद्ध १,१८० मतांनी पडला. दुसऱ्या रात्री मुख्य मतदानात फोर्ड यांना १,१८७ आणि रेगन यांना १,०७० मते मिळाली. दोन्ही मोजण्यांत आकडे जवळपास तेच, म्हणजे लढाई नियमाच्या मतदानातच संपली होती. ६० जण इकडचे तिकडे झाले असते तर निकाल उलटला असता.

उमेदवारी फोर्ड यांनी जिंकली. जाहीरनाम्याचे मात्र तसे झाले नाही. परराष्ट्र धोरणात नैतिकता हवी, असे म्हणणारे एक कलम हेल्म्स यांच्या पुढाकाराने मांडले गेले. त्यात सोल्झेनित्सिन यांची स्तुती आणि किसिंजर यांच्या धोरणावर नाव न घेता टीका होती. म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाने राष्ट्राध्यक्षाच्याच कारभारावर ताशेरे ओढायचे होते. सभागृहात पुन्हा मोजणी होऊन नाचक्की होण्यापेक्षा फोर्ड यांच्या लोकांनी ते कलम मुकाट्याने मान्य केले. गर्भपाताविरुद्ध घटनादुरुस्ती करू पाहणाऱ्यांना पाठिंबा आणि स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीलाही पाठिंबा, अशी दोन्ही कलमे त्या एका जाहीरनाम्यात शेजारी शेजारी बसली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड पहिल्या कलमाच्या जाहीर विरोधक आणि दुसऱ्याच्या जाहीर समर्थक होत्या. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी कॅन्ससचे सेनेटर बॉब डोल निवडले गेले, कारण ते उजव्या गटाला चालणारे होते.

२ नोव्हेंबरला फोर्ड कार्टर यांच्याकडून २४० विरुद्ध २९७ निर्वाचक मतांनी हरले. दोघांच्या लोकमतात दोन टक्क्यांचा फरक होता.

जहाल : अखेर तुमचा जिंकणारा उमेदवार हरला. एकेकाळी संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या अकरा राज्यांपैकी एकटे व्हर्जिनिया मिळाले. मिसिसिपीच्या प्रतिनिधींनी तुम्हाला वाचवले, तेही राज्य गेले.

मवाळ : जुलैत फोर्ड तीस टक्क्यांहून अधिक पिछाडीवर होते. वसंत ऋतूपासून ऑगस्टपर्यंत आपल्याच लोकांनी त्यांना दुबळा म्हणून हिणवले नसते, तर ते शेवटचे दोन टक्केही भरून निघाले असते. आणि टेक्सासचे ते पाहुणे? टेक्सास कार्टर यांच्याकडे गेले, मी म्हटले होते तसेच.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण वजन सारखे नाही. प्रायमरीतल्या फुटीमुळे फोर्ड हरले, हे सिद्ध करता येत नाही. निक्सन यांची माफी आणि मंदी ही कारणे त्याहून ठळक आहेत. उलट दक्षिणेचा मतदार कुठे चालला आहे, याचा जहालाचा अंदाज बरोबर होता. त्याला चार वर्षे उशीर झाला एवढेच, कारण कार्टर स्वतः जॉर्जियाचे होते. अर्थात या अंदाजाची किंमतही पक्षाने मोजली. ईशान्येतला ज्या प्रकारचा रिपब्लिकन मवाळाच्या डोळ्यांपुढे होता, तो पुढच्या दोन-तीन दशकांत जवळजवळ नाहीसा झाला.

१९७८ मध्ये पनामाचे करार सेनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत झाले, तेव्हा ३८ रिपब्लिकन सेनेटरांपैकी १६ जणांनी बाजूने मत दिले. फूट अजून कायम होती. १९८० च्या जुलैत डेट्रॉइटला पुढचे अधिवेशन भरले. स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला पक्षाने १९४० पासून दिलेला पाठिंबा तिथे जाहीरनाम्यातून काढला गेला. रेगन उमेदवार झाले. जोडीदार म्हणून त्यांनी आधी फोर्ड यांच्याशीच बोलणी केली. ती फिसकटल्यावर प्रायमरीत आपल्या अर्थविषयक कल्पनांना जादूटोणा म्हणणाऱ्या जॉर्ज बुश यांना सोबत घेतले आणि नोव्हेंबरमध्ये ४४ राज्ये जिंकली.